घरपट्टीच्या बिलातला 'शिक्षण कर' नक्की जातो कुठे?

घोडबंदरी (शनिवार, सकाळी १०:१२)

यंदाचं घरपट्टीचं बिल आलं. एरवी मी फक्त शेवटचा आकडा बघतो, मोबाइलवरून भरतो आणि विसरून जातो. या वेळी चहा गार होईपर्यंत वाचत बसलो, कारण आदल्याच दिवशी लेकाच्या शाळेचा दुसरा हप्ता भरला होता आणि डोकं तापलेलंच होतं.

बिलात शिक्षणाच्या नावाने दोन ओळी आहेत. एक महापालिकेचा शिक्षण कर, दुसरा राज्य शासनाचा शिक्षण कर. फॉर्म १६ काढून बघितला तर तिथे तिसरा: आरोग्य व शिक्षण उपकर, ४ टक्के. म्हणजे शिक्षणासाठी तीन ठिकाणी कर भरायचा आणि चौथ्या ठिकाणी वर्षाला लाखाच्या वर फी.

आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागेच महापालिकेची शाळा आहे. नऊ वर्षं इथे राहतोय, आत कधी गेलेलो नाही. बाहेरून बघता पैसे तिथवर पोचत असतील असं वाटत नाही. कुणाला आतलं माहीत असेल तर समजावून सांगा. राजकारण नको. (असं लिहिलं की तेच येणार, हेही माहीत आहे.)

चिमटा (१०:२०)

कळलं तर मलाही कळवा. मी माझे १९९८ पासून शोधतोय.

जुना_हेडक्लार्क (११:४५)

ठाण्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात ३१ वर्षं टेबल सांभाळलं, म्हणून लिहितो. लांबेल.

आधी तुमच्या तीन ओळी. राज्याचा शिक्षण कर १९६२ च्या कायद्याचा. महापालिका तो फक्त वसूल करते, पैसा जातो राज्याच्या तिजोरीत. त्याच कायद्यात पुढे रोजगार हमी कर आला. तुमचा गाळा किंवा ऑफिस असेल तर तोही बिलावर दिसेल, राहत्या घराला नाही. महापालिकेचा शिक्षण कर मात्र ठाण्यातच राहतो, प्राथमिक शाळांसाठी. केंद्राचा उपकर २००४ साली २ टक्क्यांनी सुरू झाला, २००७ ला माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी १ टक्का वाढला, २०१८ च्या अर्थसंकल्पात आरोग्य जोडून ४ झाला. यातली गोम अशी की आयकर राज्यांना वाटून द्यावा लागतो, उपकर नाही. तो दिल्लीत राहतो आणि योजना बनून खाली येतो: समग्र शिक्षा, पोषण आहार. त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४०. राज्याने आपले ४० टाकले नाहीत तर ते ६० सुद्धा अडकतात.

आता खर्चाचं. लोकांना वाटतं अनुदानित शाळा म्हणजे सरकार चालवतं ती शाळा. सरकार पगार देतं, बस. पगार शालार्थमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतून, थेट शिक्षकाच्या खात्यात जातो. इमारत, गळकं छप्पर, बाक, लाइटबिल, शिपायाची झाडू हे संस्थेने बघायचं. त्यासाठी वेतनेतर अनुदान असतं. ते मधली काही वर्षं बंदच होतं, २०१३ पासून पुन्हा सुरू झालं ते पगाराच्या ५ टक्के दराने. आणि फी तर तुम्ही घेऊ शकत नाही. मग संस्थेने काय करायचं? हॉल लग्नाला द्यायचा, मैदान क्रिकेटला द्यायचं, माजी विद्यार्थ्यांचे पाय धरायचे. मी तिन्ही केलंय.

खरी धाकधूक असते ३० सप्टेंबरची. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे पुढे किती शिक्षकांचा पगार सरकार देणार ते ठरतं. एका वर्षी आठवीचा पट दोन मुलांनी कमी भरत होता. दोन मुलं कमी म्हणजे एक तुकडी कमी, म्हणजे गणिताचे सर अतिरिक्त, म्हणजे बदली कुठे होईल देव जाणे. मी आणि ते सर स्कूटरवरून लोकमान्यनगरात गेलो, शाळा सोडलेल्या पोरांच्या घरी. एक मुलगा वडापावच्या गाडीवर कांदा चिरत होता. त्याच्या आईला सरांनी इतकं विनवलं की मलाच लाज वाटायला लागली. पोरगा आला. दहावी झाला. तो आला आमच्या गरजेपोटी, हे मात्र लिहून ठेवतो.

खडूफळा (१२:०५)

काका, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. आम्हीही हिंडलोय असे वस्त्यांमधून. सविस्तर रात्री लिहिते, नातवाला आणायला निघालेय.

पाणीपुरी (१२:३०)

बाळबोध प्रश्न: अनुदानित, विनाअनुदानित, अंशतः अनुदानित... किती प्रकार आहेत? माझी बहीण 'चाळीस टक्के'वर आहे म्हणते. मला वाटायचं मार्क सांगतेय.

जुना_हेडक्लार्क (१२:५८)

पगार सांगतेय. अंशतः अनुदानित शाळेला अनुदान टप्प्याटप्प्याने मिळतं, २०, ४०, ६०, ८०. प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदान गाठावं लागतं, ते वेगळंच. त्याआधी 'कायम विनाअनुदानित' असा प्रकार होता. २००९ ला त्यातला 'कायम' शब्द काढला, म्हणजे अनुदानाला पात्र होण्याची वाट उघडली. शब्द निघाला त्या दिवशी आमच्या ओळखीच्या एका सरांनी पेढे वाटले. पहिला २० टक्के पगार हातात आला तेव्हा त्यांचा मुलगा कॉलेजात होता. २०१२ पासून स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा वेगळा कायदा आहे. त्यांना सरकार काही देत नाही आणि त्यांनी मागायचंही नाही. घोडबंदरला दिसणाऱ्या काचेच्या शाळा बहुतेक याच.

मुक्तबाजार (१:१५)

या सगळ्यावर सोपा उपाय आहे. सरकारने शाळा चालवायचा नाद सोडावा. प्रत्येक मुलामागे पैसे पालकाच्या हातात द्यावेत, पालक शाळा निवडेल. ज्या शाळा चांगल्या त्या टिकतील.

चिमटा (१:१७)

आला, आला. पॉपकॉर्न आणा.

ढोकाळीवाली (२:४०)

मुक्तबाजार, तुम्ही म्हणता तसं थोडंफार चालूच आहे. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा. खाजगी शाळेच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरातल्या मुलांना, आणि त्यांची फी सरकार शाळेला देतं. मी हे जवळून पाहिलंय म्हणून सांगते.

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मोठ्या मुलीचा सोडतीत नंबर लागला. फॉर्म मीच भरला होता. मॅपवर घराचा फुगा दहा वेळा हलवावा लागला, कारण अंतर एक किलोमीटरच्या आत दाखवल्याशिवाय ती शाळा यादीतच येईना. नंबर लागला तेव्हा ताई आमच्या दारात उभ्या राहून रडल्या.

मग जून आला. पुस्तकांचा संच शाळेतूनच, युनिफॉर्म ठरावीक दुकानातून, आठवड्यातून एक दिवस वेगळे बूट. हे सगळं शाळेने द्यायचं असतं असं मी बोलून पाहिलं. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "शासन आम्हाला पैसे देतं का वेळेवर?" यात त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. राज्याने ठरवलेली प्रतिपूर्ती एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये आणि तीही थकते. तुमच्या 'काचेच्या' शाळेची फी याच्या कितीतरी पट, मग ती शाळा त्या मुलीकडे कशी बघणार? लेक शिकतेय, इंग्रजी छान बोलते. पण सहलीच्या दिवशी घरी असते.

आणि २०२४ आठवतंय ना? फेब्रुवारीत नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. म्हणजे ठाण्यासारख्या शहरात जवळजवळ सगळ्यांनाच. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलैत तो नियम रद्दच केला. तोवर त्या वर्षीच्या पालकांचे फॉर्म दोनदा भरून झाले होते.

मुक्तबाजार (३:०२)

मग रक्कम वाढवा आणि वेळेवर द्या. कल्पनेत चूक नाही, अंमलबजावणीत आहे.

चिमटा (३:०४)

हे वाक्य आमच्याकडे सरकारी शाळांबद्दलही वापरतात.

ऐरोलीकर (४:३०)

सगळे पैशावर बोलताय, जमिनीवर कुणी बोलत नाही, म्हणून खाडीच्या अलीकडून माझे दोन शब्द.

१९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आलं. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी गेल्या. आमची भातशेती आणि मिठागराचा तुकडाही गेला. जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या जासईच्या आंदोलनात आजोबा होते, १९८४. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण त्यानंतर, १९९० साली. आता त्याच जमिनीवर सिडकोने शैक्षणिक संस्थांना सवलतीच्या दरात प्लॉट दिले. नवी मुंबईला शिक्षणाचं शहर म्हणतात ते या प्लॉटांवर उभं आहे. नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे, फिरून बघा. इंजिनिअरिंग, मेडिकल, अभिमत विद्यापीठं. आमच्या वाट्याला गावठाणातली जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, जी १९९२ ला महापालिका झाल्यावर पुढे महापालिकेकडे आली.

सवलतीची जमीन म्हणजे सरकारी अनुदानच की. फक्त ते कुठल्या बजेटमध्ये 'शिक्षणावरचा खर्च' म्हणून दिसत नाही. भूखंड पदरात पडला की पुढे 'आम्ही सरकारचा एक पैसा घेत नाही' म्हणायला मोकळे.

एक चांगलंही सांगतो, नाहीतर म्हणाल रडतोच. वाशीला रयत शिक्षण संस्थेचं कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज १९७९ पासून आहे. आमच्या गावातली पहिली पदवीधर पिढी तिथली. माझे वडील त्यातले. आणि आता महापालिकेने सीवूड्स आणि कोपरखैरणेला सीबीएसईच्या शाळा काढल्यात. जागांपेक्षा अर्ज जास्त येतात. म्हणजे 'सरकारी' या शब्दाला लोक नाक मुरडत नाहीत, पाटीवरचं माध्यम बघतात. माझी मुलगी मात्र मी खाजगीतच घातलीय, हेही सांगून टाकतो.

मोडीवाचक (५:५०)

ऐरोलीकर, तुमच्या या तक्रारीला १४० वर्षांचा इतिहास आहे.

अनुदानाची ही पद्धत १८५४ च्या वुडच्या खलित्यातून आली: सरकारने सगळं स्वतः न चालवता खाजगी शाळांना अटींवर मदत द्यायची. त्याच खलित्यातून तीन वर्षांनी मुंबई, मद्रास, कलकत्ता विद्यापीठंही निघाली. तेव्हापासून प्रश्न एकच, पैसा खालच्या वर्गांना की वरच्या? १९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीराव फुल्यांनी सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं अगदी हिशेबी होतं. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आधी प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. जो कर भरतो त्याचं पोर शाळेत नाही, हा घोडबंदरी यांचा मुद्दाही वरवर तोच दिसतो, पण नीट उलटा आहे. तेव्हा कर भरणाऱ्याच्या पोराला शाळा परवडत नव्हती. आता कर भरणारा स्वतःहून बाहेर पडलाय.

पुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं गोखल्यांचं १९११ चं विधेयक फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीचं मोफत शिक्षण आणलं. १९१८ ला विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना तो अधिकार मिळाला. शिक्षण मूलभूत हक्क म्हणून घटनेत यायला २००२ उजाडलं आणि कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१०. तारखेवर विनोद करू नका, सगळे करून झालेत.

घोडबंदरी (६:२०)

मोडीवाचक, 'स्वतःहून बाहेर पडलाय' हे लागलं. पण खोटं नाही.

तासिकावाला (रात्री ९:१०)

शाळेचं झालं, कॉलेजचं सांगतो. ठाणे जिल्ह्यातल्या दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या मानधनावर, शिकवतो. सकाळी एक, दुपारी दुसरं, मध्ये लोकलमध्ये डबा.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे मुळात परीक्षा घेणारं आणि कॉलेजं जोडून घेणारं. शिकवणं कॉलेजात, शिक्का विद्यापीठाचा. आजही पसारा मुंबईपासून सिंधुदुर्गपर्यंत, आपलं उपकेंद्र बाळकुमला. शासन मंजूर पदांचे पगार देतं. बाकीचं बरंचसं परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्कावर चालतं. त्यामुळे हे विद्यापीठ परीक्षांच्या वेळापत्रकावर जगतं असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आता कॉलेजच्या आत या. एकच इमारत, एकच जिना. डावीकडे बीकॉमचा अनुदानित वर्ग, फी काही हजार. उजवीकडे बीएमएस (मॅनेजमेंटची पदवी) किंवा आयटीचा सेल्फ फायनान्सचा, म्हणजे विनाअनुदानित वर्ग, फी त्याच्या कितीतरी पट. एसी उजवीकडे. पण लायब्ररी, प्रयोगशाळेची रंगरंगोटी, कार्यालयातले दोन कंत्राटी क्लार्क, सगळं बीएमएसच्या पैशावर चालतं. बीकॉमचं छप्पर बीएमएसची पोरं शाकारतात. आणि अनुदानित बाजूची मंजूर पदं रिटायर होत जातात, भरती वर्षानुवर्षं अडकते, मग त्या जागी आम्ही. मागच्या सत्राचं माझं मानधन सहा महिन्यांनी आलं. दिवाळीत घरी सांगितलं की पोर्टल बंद आहे.

शाळेतही तीच तऱ्हा आहे, २००० पासून शिक्षण सेवक. तीन वर्षं मानधनावर. २०२३ ला ते प्राथमिकला १६,००० झालं, आधी ६,००० होतं. सहा हजारांत ठाण्यात खोली मिळते का हो?

पाणीपुरी (९:२५)

मुलींची फी माफ झाली ना पण?

तासिकावाला (९:४०)

हो, २०२४-२५ पासून. व्यावसायिक अभ्यासक्रमांना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी १०० टक्के शासन भरणार. निर्णय चांगलाच आहे, माझ्या दोन विद्यार्थिनी त्यामुळेच पुढे शिकतायत. पण शासन भरतं ते नंतर. तोवर कॉलेज कुठून आणतं? पुन्हा बीएमएस.

मुक्तबाजार (९:५५)

म्हणजे फी भरणारी पोरंच सगळं चालवतात. माझाच मुद्दा झाला.

मोडीवाचक (१०:०५)

फी भरणारी पोरं जिन्याच्या उजवीकडची. जिना कुणाच्या पैशाने बांधला ते वर ऐरोलीकरांनी लिहिलंय.

खडूफळा (१०:५०)

नातू झोपला. आता लिहिते. महापालिकेच्या शाळेत ३४ वर्षं काढली, शेवटची सहा मुख्याध्यापक म्हणून.

आमच्याकडे फी नाही. गणवेश, पुस्तकं, दुपारचं जेवण मिळतं. दुपारी खिचडीचे डबे आले की मुलांच्या आधी शिक्षकाने खाऊन बघायचं आणि चव नोंदवहीत सही करायची. माझ्या अशा हजारो सह्या असतील. 'चव चांगली, मीठ बेताचं.' एकदा 'वाटाणा कच्चा' लिहिलं तर तीन दिवस फोन. त्या वहीतलं एक पान मी आठवण म्हणून झेरॉक्स करून आणलंय.

आम्हाला कधी पैसे मिळत नाहीत असं नाही. नको त्या वेळी, नको त्या नावाने मिळतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधी येतो, ३१ पर्यंत खर्च दाखवा. फळा फुटलाय, पण निधी क्रीडासाहित्याचा. एका कंपनीने सीएसआरमधून डिजिटल बोर्ड दिला, त्याची देखभाल कुणाची यावर दोन वर्षं पत्रव्यवहार चालला. बोर्डावर मी साडीचा पदर फिरवून धूळ पुसायची, इन्स्पेक्शनच्या आधी. जमीन एकाची, पगार दुसऱ्याचा, खिचडी तिसऱ्याची, बोर्ड चौथ्याचा. छप्पर गळलं की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आणि घोडबंदरीभाऊ, बाहेरून बघून ठरवू नका. सोमवारी आत जाऊन या. वॉचमनला सांगा, मुख्याध्यापकांना भेटायचंय. कुणी हाकलत नाही. उलट चहा मिळेल.

घोडबंदरी (सोमवार, दुपारी ३:३५)

गेलो होतो. चहा मिळाला.

बाई तरुण आहेत, साधारण माझ्याच वयाच्या. मी बिल सोबतच नेलं होतं, ते बघून हसल्या. म्हणाल्या, पहिल्यांदाच कुणी पावती घेऊन आलं. पट ४१२. मराठी आणि सेमी इंग्रजी. दोन वर्गांना एक शिक्षक असं एका ठिकाणी चालू आहे, कारण एक जण मतदारयादीच्या कामाला. वर्गांमध्ये पंखे आहेत, त्यातला एक फिरताना इतका आवाज करतो की तिसरीतल्या पोरांनी त्याला नाव ठेवलंय.

मी विचारलं, शाळा चालवायला हातात मिळतात किती? पगार, जेवण, पुस्तकं सोडून. त्यांनी समग्र शिक्षाचं अनुदान सांगितलं. पटानुसार ठरतं: १०० ते २५० मुलांना ५० हजार, २५० ते १,००० मुलांना ७५ हजार. यांना वर्षाला ७५ हजार. त्यातून खडू, कागद, झाडू, फिनेल, किरकोळ दुरुस्ती. मी तिथेच मोबाइलवर भागाकार केला. एका मुलामागे वर्षाला १८२ रुपये. लेकाच्या शाळेने मागच्या महिन्यात गॅदरिंगच्या ड्रेसचे ९५० घेतले.

भिंतीवर सहावीच्या मुलांनी ठाण्याच्या तलावांचा नकाशा काढून लावलाय. मासुंदा, उपवन, कचराळी ओळखले. खाली अजून बरेच होते, माझी मजल तिथवरच.

चिमटा (३:५०)

पंख्याचं नाव काय ठेवलंय ते महत्त्वाचं.

घोडबंदरी (३:५२)

हेलिकॉप्टर.

जुना_हेडक्लार्क (४:१५)

पुढच्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीचं विचारा. ७५ टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. तुम्ही पालक नाही, पण बैठकीला बसू देतात का ते विचारायला हरकत नाही. तो पंखा दुरुस्त करून देणार असाल तर आधी त्यांना पत्र द्या, रजिस्टरला नोंद करायला लावा. नाहीतर ऑडिटला 'हा पंखा दुरुस्त कसा झाला' असा मुद्दा निघतो. हसू नका, निघालेला आहे.

ढोकाळीवाली (५:०५)

घोडबंदरी, ही शाळा म्हणजे पेट्रोल पंपाच्या मागची का? सेमी इंग्रजी पहिलीपासून आहे का? आमच्या ताईंच्या धाकट्याचं सोडतीत नाव आलं नाही. ताई म्हणतायत एक वर्ष घरी बसवते, पुढच्या वर्षी परत फॉर्म भरू.

घोडबंदरी (५:२०)

हो, तीच. पहिलीपासून आहे.

खडूफळा (५:२८)

घरी बसवू नका म्हणावं. उद्याच घेऊन जा, सकाळी साडेदहाच्या आत, नंतर बाई कार्यालयाच्या मीटिंगला गेलेल्या असतात. जन्माचा दाखला आणि आधार न्या.

ढोकाळीवाली (५:३१)

दाखला गावाकडे आहे. जालन्याला.

खडूफळा (५:३३)

नसला तरी प्रवेश अडवता येत नाही, कायद्यात आहे तसं. दाखला मागाहून दिला तरी चालतो. मुलाला मात्र सोबत न्या.